छोटा कुत्रा, तल्लख डोकं, जाड फाइल: ट्रिक्स शिकवायच्या तरी कशा?

ठमीचं वजन ४ किलो. तिची फाइल मात्र दोन हातांनी उचलावी लागते. डाव्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, हृदयातून मरमर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू येते आणि तोंडात जेमतेम निम्मे दात उरलेत. डोकं असं, की आज गोळी कशात लपवली आहे हे ती माझ्या चालीवरून ओळखते.

ती घरी आली तेव्हा कुत्र्याला शिकवण्यातलं मला काही कळत नव्हतं. मागच्या दोन पायांवर उभं राहून गिरकी घ्यायला मी तिला चार दिवसांत शिकवलं. आल्यागेल्यासमोर गिरकी, मग टाळ्या, मग खाऊ. तिसऱ्या आठवड्यात ती डावा पाय उचलून तीन पायांवर चालायला लागली. डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि एवढंच विचारलं, "दिवसातून किती वेळा करते हे?" मला आकडा सांगता आला नाही.

ठमी जरा मठ्ठ असती तर तिचा गुडघा वाचला असता. हुशार कुत्र्याचं डोकं शरीराच्या पुढे धावतं. खाऊ आणि कौतुक मिळतंय म्हटल्यावर ते दुखणं गिळून काम करत राहतं. थांबायचं कधी हे त्याला कळत नाही, ते आपल्याला कळावं लागतं. तेव्हापासून मी तिच्याकडून डोक्याचं काम करून घेते, सांध्यांचं नाही. ते कसं, हे पायरीपायरीने सांगते.

आधी सामान जमवा

- अंगावर नीट बसणारा हार्नेस. गळ्याचा पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता.
- न घसरणारी चटई. योगासनांची जुनी चटई उत्तम.
- क्लिकर (दाबला की 'टक्' वाजणारी छोटी डबी), किंवा टिकटिक करणारं पेन, किंवा तुमचं तोंड.
- खाऊची छोटी डबी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.
- वही. मोबाइलमधली नको, कागदाची. हातात खाऊ असताना मोबाइल उघडायचा कंटाळा येतो.
- निळ्या किंवा पिवळ्या रंगाचं झाकण किंवा पुठ्ठ्याची चकती. कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग नीट वेगळे दिसतात, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. हिरव्या गालिच्यावर लाल चेंडू टाकून 'याला दिसत नाही का?' म्हणणाऱ्यांत मीही होते.

१. आधी डॉक्टरांकडे जा, पण प्रश्न नीट विचारा

"याला ट्रिक्स शिकवल्या तर चालतील का?" असं विचारलंत तर "हो, शिकवा की" असंच उत्तर येईल. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर शेकहँड असतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर सर्कस. म्हणून ट्रिकचं नाव न घेता हालचालीबद्दल विचारा. बसणं-उठणं लागोपाठ किती वेळा चालेल? मागच्या पायांवर उभं राहायचं का? सोफ्यावरून उडी? मणका वळेल अशी हालचाल? फार उत्साहात आला तर चालेल का? खाऊत चरबी, मीठ, साखर यांतलं काय टाळायचं? औषधानंतर किती वेळ थांबायचं? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: कोणतं लक्षण दिसलं तर सकाळची वाट न बघता फोन करायचा?

बरोबर न्यायचे कागद: निदान लिहिलेले जुने कागद, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, हृदयाचा इको झाला असेल तर तो, आणि चालू औषधांची मात्रेसकट यादी.

शिवाय मोबाइलवर व्हिडिओ न्या. घरी लंगडणारा कुत्रा दवाखान्यात शिरला की भीतीने ताठ होतो आणि चारही पायांवर झोकात चालून दाखवतो. तुम्ही खोटारडे ठरता. बाजूने आणि मागून चालताना, झोपेतून उठताना, आणि खोकला असेल तर खोकताना, असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे पुरतात.

२. शिकवणी सुरू करण्याआधी एक आठवडा नुसती नोंद

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

या आठवड्यात काहीही शिकवायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं. सकाळी उठल्यावरची पहिली दहा पावलं कशी पडतात? चालताना मध्येच मागचा एक पाय उचलून उडी मारल्यासारखं करतो का? वाटी सरकणाऱ्या कुत्र्याची ही ओळखीची खूण आहे. दोन-चार पावलं लंगडी घालतो, पाय मागे ताणतो, आणि काही झालंच नाही असा चालू लागतो. लोकांना ते गोड वाटतं.

हृदयाचं दुखणं असेल तर झोपेतला श्वास मोजा. गाढ झोपलेला असताना, पाय झाडत स्वप्न बघत असताना नव्हे, छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजायचं आणि दुप्पट करायचं. मिनिटाला ३० पेक्षा कमी असेल तर ठीक. आकडा सतत त्याच्या वर राहू लागला तर शिकवणी बंद आणि डॉक्टरांना फोन. ठमीचा आकडा बहुतेक वेळा १८ ते २२ असतो. एकदा २७ दिसला आणि माझी झोप उडाली. ३० च्या आतच होता, पण तिच्यासाठी तो जास्त होता, हे वहीमुळेच कळलं. तेव्हा पुस्तकातल्या आकड्याइतकाच आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा पाठ हवा.

३. खाऊचं गणित

खाऊतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या गरजेच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. मोठ्या कुत्र्याला हे सहज जमतं. पण ४ किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरजच साधारण २५० ते ३०० कॅलरी. म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या २५-३०. चीजचा २० ग्रॅमचा एक तुकडा जवळपास ८० कॅलरींचा असतो. आता करा हिशेब.

यावर माझा उपाय: सकाळी दिवसभराचं जेवण वजन करून घ्यायचं, त्यातलाच एक भाग डबीत काढायचा, आणि तोच खाऊ. तुकडा मसुराच्या डाळीएवढा. कुत्रा तुकड्यांची संख्या मोजतो, आकार नाही. एका मोठ्या तुकड्यापेक्षा पाच बारीक तुकडे पाच वेळा आले तर त्याला जास्त श्रीमंत वाटतं.

स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेली असेल तर चरबीचे पदार्थ पूर्ण बंद. हृदयाच्या रुग्णाला खारट चीज आणि सॉसेज नको. मधुमेह असेल तर जेवण आणि इन्सुलिनच्या वेळा ठरलेल्या असतात, मधल्या वेळचा खाऊ डॉक्टरांना विचारूनच. आणि अगदी चिमुकल्या जातींची पिल्लं 'भुकेली असली की चांगली शिकतात' या समजुतीने कधीही उपाशी ठेवू नका. त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू लटपटायला लागलं, थरथरू लागलं, मलूल झालं तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तडक दवाखाना गाठा.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली कुठलीही वस्तू विषारी आहे. कुत्रा जितका लहान, तितका विषाचा छोटा डोसही भारी. झायलिटॉल शुगर-फ्री च्युइंगगममध्ये असतं, काही पीनट बटरमध्येही असतं. बरणीवरचं लेबल वाचल्याशिवाय चमचा बुडवू नका.

४. जागा आणि वेळ

गुळगुळीत फरशी ही सांध्यांची वैरीण. चटई अंथरा, नखं कापलेली ठेवा, पंजांच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर तेही कापा. केसांवर चालणारा कुत्रा मोजे घालून फरशीवर धावणाऱ्या पोरासारखा घसरतो.

तुम्ही स्वतः जमिनीवर बसा. उभं राहून शिकवलंत की लहान कुत्र्याला मान पार मागे मोडून तुमच्याकडे बघावं लागतं. श्वासनलिका कमकुवत असलेल्याला तेवढ्यानेही ठसका लागू शकतो. खाऊ त्याच्या छातीच्या उंचीवर द्या.

वेळ २ मिनिटं. घड्याळ लावून. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. चांगलं चाललंय म्हणून तिसऱ्या मिनिटात शिरलात की कुत्रा थकल्यावर थांबता, आणि त्याच्या लक्षात थकवाच राहतो.

आजारपणात चार दिवस सुटले तर जीव टांगणीला लावू नका. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये बीगल कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास मला फार दिलासा देऊन गेला. आठवड्यातून पाचदा शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एकदाच शिकवलेल्यांना तेच काम कमी बैठकांत जमलं. खाडा म्हणजे तोटाच, असं काही नाही.

औषधांकडेही बघून वेळ ठरवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी बाहेर फिरवून आणा. बिचाऱ्याला धड उभं राहवत नसताना लक्ष कसं लागेल? झटक्यांच्या औषधाने सुस्ती येते, स्टेरॉइडने भूक खवळते. स्टेरॉइडवर असलेला कुत्रा खाऊसाठी काहीही करायला तयार असतो, त्याला 'आज काय उत्साह आहे!' असं समजू नका.

५. सगळ्यात आधी 'बरोबर'चा आवाज

कुत्र्याने योग्य गोष्ट केली त्याच क्षणी एक छोटा, ठरलेला आवाज आणि पाठोपाठ खाऊ. सगळी शिकवणी या आवाजावर उभी आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत प्राण्यांच्या शिकवणीत रुळवली, पुढे डॉल्फिनना शिट्टीवर शिकवणाऱ्यांनी हेच केलं. पोहणाऱ्या डॉल्फिनला पट्टा बांधून ओढता येत नाही, त्याला फक्त 'बरोबर' एवढंच सांगता येतं. आजारी कुत्र्याचंही तेच समजा. त्याला ढकलून, दाबून, ओढून काहीही करवून घ्यायचं नाही.

पहिल्या दिवशी नुसतं क्लिक-खाऊ, क्लिक-खाऊ, दहा वेळा. कुत्र्याने काही करायची गरज नाही. आवाज झाला की तो खाऊकडे मान वळवू लागला म्हणजे धडा झाला. काही छोटे कुत्रे क्लिकरला दचकतात. मग तो खिशात धरून वाजवा, पेन वापरा, किंवा 'हां!' म्हणा. ठमीला मी 'हां' म्हणते. अडचण एवढीच, की मी फोनवर हां-हां करत बोलत असले की ती समोर येऊन बसते.

बहिरेपण असेल तर आवाजाऐवजी अंगठा वर करा. आणि ऐकू येत असलं तरी प्रत्येक शब्दाबरोबर हाताची खूण आत्ताच जोडा. छोटे कुत्रे खूप जगतात, म्हातारपणी कान जातात. तेव्हा हात उपयोगी पडतात.

६. पहिली ट्रिक 'बस' नको, 'नाक लाव'

जगात सगळे 'बस'पासून सुरुवात करतात. गुडघा दुखणाऱ्या कुत्र्यासाठी 'बस' म्हणजे उठाबशा. एका बैठकीत वीस वेळा बसवलं, उठवलं, तर मास्तरांनी शिक्षाच केली की.

'नाक लाव'मध्ये सांध्यांना काही काम नाही. उघडा तळवा त्याच्या नाकापासून दोन बोटांवर धरा. तो हुंगायला येईलच, हुंगणं हा त्याचा धर्म. नाक लागताक्षणी 'हां', खाऊ. पाच-सहा वेळा जमलं की तळवा जरा डावीकडे, जरा उजवीकडे, जरा लांब. मग तळव्याऐवजी ती निळी चकती. चकती भिंतीवर नाकाच्या उंचीवर चिकटवली की 'जा, लावून ये'. ती वजनकाट्यावर ठेवली की वजन आपोआप. तिच्यामागून सावकाश चालवत चारही पाय जमिनीवर ठेवून मोठं गोल वळण घ्यायला शिकवलं की गिरकीची हौसही भागते. खुर्चीखालून बाहेर काढायचं असेल तर हात घालून ओढायला नको, तळवा दाखवायचा.

सापळा: तळवा नाकावर नेऊन आपटू नका. यायचं त्याने. आपण नेला की तो मागे सरकतो आणि आपण म्हणतो, शिकत नाही.

७. कोणत्या दुखण्याला काय टाळायचं

गुडघ्याची वाटी सरकत असेल तर मागच्या पायांवर उभं राहणं, उड्या, झपकन वळणं आणि वारंवार उठबस नको. पुढचा पंजा जाडजूड पुस्तकावर ठेवणं सहसा चालतं.

पाठ लांब आणि पाय आखूड असतील, किंवा मणक्याच्या चकतीचा त्रास असेल, तर नियम एकच: मणका जमिनीला समांतर राहिला पाहिजे. 'हात जोड' म्हणून ढुंगणावर ताठ बसवणं, लोळण घेणं, पलंगावरून उडी, सगळं बाद. उचलतानाही एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. लोक काखेत धरून उचलतात तेव्हा मला बघवत नाही.

श्वासनलिका दबत असेल, म्हणजे हंसासारखा कर्कश ठसका येत असेल, तर 'भुंकून दाखव' ही ट्रिक शिकवूच नका. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाड्यात शिकवू नका. धापेवरच त्यांचं अंग थंड होतं, आणि ती धापच त्यांना नीट टाकता येत नाही.

दात दुखत असतील तर ओढाओढीचे खेळ आणि कडक वस्तू आणून देणं बंद. मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात एवढ्याशा जबड्यात कोंबलेले असतात, तिथे घाण अडकणारच. वस्तू आणून द्यायचीच असेल तर मऊ मोजा.

झटके येत असतील तर उंचावर काहीही शिकवायचं नाही, आणि झटका येऊन गेल्यावर तो पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत सुट्टी. झटका चालू असताना तोंडात हात घालू नका. घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेला किंवा एकामागून एक आले तर ती तातडीची वेळ आहे.

हृदयाच्या रुग्णाला हालचालीइतकाच उत्साहही जपून. टाळ्या, किंचाळून शाबासकी, पोरांचा घोळका नको. हळू आवाजात 'हां' म्हटलेलंही कुत्र्याला पुरतं. चक्कर येऊन पडला, हिरड्या फिकट किंवा निळसर दिसल्या, तर वही बाजूला ठेवा आणि निघा.

८. 'हनुवटी ठेव': या एका ट्रिकसाठी बाकीच्या सोडल्या तरी चालतील

उघडा तळवा वर करून त्याच्या जबड्याखाली धरा. दुसऱ्या हातातला खाऊ तळव्याच्या थोडा पलीकडे. खाऊकडे मान पुढे करताना हनुवटी तळव्याला टेकते. टेकली, 'हां', खाऊ. दोन दिवसांत हुशार कुत्रा खाऊ न दाखवताच हनुवटी आणून ठेवतो. मग वेळ वाढवायची: १ सेकंद, ३ सेकंद, मध्येच पुन्हा १, मग ५. सरळ चढत गेलात की त्याला कळतं, प्रत्येक वेळी हे अवघडच होत जाणार, आणि तो उठून जातो.

दहा सेकंद टिकू लागलं की मोकळा हात हळूच कानाला लावा. हनुवटी टेकलेलीच आहे? 'हां'. मग पापणी. मग ओठ उचलून दात. मग पंजा.

आता यातला नियम. हनुवटी उचलली की तुमचा हात लगेच थांबणार. दर वेळी. थेंब अर्ध्यावर असला तरी. कुत्र्याला 'थांबा' म्हणायचा मार्ग मिळाला की तो चावायच्या वाटेला जात नाही. हे मला आधी पटलं नव्हतं. वाटायचं, मग ही दर वेळी हनुवटी उचलून पळ काढेल. झालं उलटंच. थांबवता येतं हे कळल्यापासून ठमी जास्त वेळ थांबते.

आणि पहिल्याच आठवड्यात यात डोळ्यांचे झोंबणारे थेंब घुसवू नका. खरे थेंब एकदा, नुसती रिकामी बाटली दहादा. सुई असेल तर प्रमाण आणखी वाढवा.

ठमी आता ४० सेकंद हनुवटी टेकवून उभी राहते. पूर्वी दवाखान्यात ती इतकी धापा टाकायची की हृदयाचे ठोके धापेत बुडून जायचे. आता डॉक्टर शांतपणे स्टेथोस्कोप लावतात. गिरकीला टाळ्या खूप मिळाल्या होत्या, या ट्रिकला बघायला कुणी नसतं.

९. डोकं थकवा, पाय नको: नावं आणि वास

बेली नावाच्या एका यॉर्कशायर टेरियर कुत्रीला शंभराहून जास्त खेळण्यांची नावं येतात, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. शंभर राहू द्या, तीन नावांनीही सकाळ छान जाते.

एक मोजा घ्या. 'मोजा' म्हणा, तो नाक लावेल, 'हां'. तीन-चार दिवस एकच वस्तू. मग शेजारी दुसरी, अगदी वेगळी वस्तू ठेवा, पण तिचं नाव घेऊ नका, 'मोजा'च म्हणत राहा. त्यानंतर दुसऱ्या वस्तूचं नाव वेगळं शिकवा, आणि शेवटी दोन्ही समोर ठेवून आलटून-पालटून विचारा.

इथे हुशार कुत्रा तुम्हाला हमखास फसवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपासलं तेव्हा कळलं, की घोड्याला गणित येत नव्हतं, प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र वाचता येत होता. ठमी दोन आठवडे 'मोजा' आणि 'झाकण' अचूक ओळखत होती. मी डोळे मिटून विचारलं तर तिने माझ्याच नाकाला नाक लावलं. तेव्हा परीक्षा घेताना वस्तू दाराआड ठेवा, किंवा टोपी डोळ्यांवर ओढा.

वासाचं काम तर अंथरुणावरच्या रुग्णालाही जमतं. तीन उलट्या वाट्या, एकीखाली खाऊ. नाक लावेल ती वाटी तुम्ही उचलायची, पंजाने उलथायला लावायची नाही. मध्येच वाट्यांच्या जागा बदला. दोन मिनिटांत डोळे पेंगुळतात.

१०. नकार आला तर वही उघडा

काल जमलेलं आज करत नसेल तर 'हट्टी झालाय' हा शब्द तोंडातून काढण्याआधी तीन गोष्टी तपासा: औषध दिलं का, जमीन तीच आहे का, आणि काल काही जास्त झालं का. बसायला सांगितल्यावर कुत्रा उभाच राहिला, तर बहुतेक वेळा तो बसायला दुखतंय हे सांगत असतो.

कुजबुजीतले नकारही असतात. जांभई, ओठ चाटणं, मान फिरवणं, भिजलेला नसताना अंग झाडणं, अचानक जमीन हुंगायला लागणं. यातलं एक दिसलं तर सोपं काहीतरी विचारा, खाऊ द्या, संपवा. दोन दिसली तर विचारूही नका.

उलटा सापळाही सांगते. लंगडल्यावर मी उचलून घेते, हे ठमीच्या लक्षात आलं होतं. एकदा ती उजवा पाय उचलून आली, दुखणारा डावा विसरून. मी हसले खरी, पण तरीही त्या दिवशी गुडघा दाखवून आणला. सोंग आहे की दुखणं, हे ठरवण्याचं काम माझं नव्हे. आणि माणसांची वेदनाशामक गोळी, अर्धी काय, चतकोरही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी एवढ्याशा जिवाचा घात होतो.

११. शिकवून बसलेली धोक्याची ट्रिक मोडायची कशी

हे माझ्यासारख्यांसाठी. नुसतं दुर्लक्ष केलं तर कुत्रा आधी तीच ट्रिक जास्त जोरात, जास्त वेळा करतो. पूर्वी चालणारं नाणं अचानक चालेनासं झालं की आपणही दुकानदारापुढे ते पुन्हा पुन्हा आपटतोच. आणि त्या काळात गुडघ्याची आणखी वाट लागते.

म्हणून त्याच इशाऱ्यावर नवीन काम बसवा. गिरकीचा इशारा टाळी असेल तर घरात कुणी नसताना अगदी हलकी टाळी वाजवा, आणि पुढचे पाय उचलले जायच्या आत तळवा खाली, जमिनीजवळ धरा. नाक खाली आलं, 'हां', खाऊ. रोज पाचदा. टाळी हळूहळू मोठी करा. पाहुण्यांना मात्र दारातच सांगायचं, की गिरकी मागायची नाही. दुखणं माहीत असूनही "एकदाच गं" म्हणणारे निघतातच. त्यांच्यासमोर मी ठमीला उचलून घेते.

पाच आठवडे लागले. आता टाळी वाजली की ठमी चटईवर जाऊन पडते आणि हनुवटी जमिनीला टेकवते. टीव्हीवर टाळ्या वाजल्या तरी जाते, आणि तिथून एक डोळा उघडून खाऊची वाट बघते. त्या खाऊचेही दाणे मी डबीतून मोजूनच देते.